हिंगाची रिकामी डबी

गेल्या अंकात व्हिसेऱ्याविषयी, म्हणजे प्रेतातून तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांविषयी, लिहिताना शेवटी एक वाक्य मी सहज टाकून गेले होते: ‘अवयव उरले नसतील तर हाडांनाही विचारता येतं.’ त्या एका ओळीनं महिनाभर पोस्टमनला आमची घाटी चढायला लावली. एवढी पत्रं आंब्यावरच्या फवारणीच्या लेखालाही आली नव्हती. पलीकडच्या वाडीतली काकी रोज संध्याकाळी येऊन बसते. तिनं पत्रांचा गठ्ठा पाहिला आणि म्हणाली, “हाडांका काय कळता गे बाय?” तिचाही प्रश्न मी या गठ्ठ्यातच धरते.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते. मी सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत विषशास्त्र विभागात ३१ वर्षं काढली आणि आता मालवण तालुक्यात माहेरच्या घरी राहते. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. परीक्षानळी धरणारी बाई आहे, तेव्हा उत्तरं त्याच बेतानं घ्यावीत. आता एकेक पत्र आणि त्याखाली माझं उत्तर.

माझा धाकटा भाऊ घरातून निघून गेला. अकरा महिन्यांनी काजूच्या बागेच्या वरच्या अंगाला, सड्याकडे जाणाऱ्या पायवाटेजवळ त्याची हाडं सापडली. डीएनएवरून ओळख पटली. आता प्रयोगशाळेचा अहवाल आलाय, त्यात ‘डायझेपाम व नॉरडायझेपाम आढळले’ असं लिहिलंय. त्याला झोप लागत नसे म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, तीन वर्षं तो त्या घेत होता. गावात मात्र दोन तट पडलेत. एक म्हणतो त्यानं सगळी पाकिटं एकदम घेतली. दुसरा म्हणतो कुणीतरी पाजलं. आईला काय सांगू?
– एक बहीण, संगमेश्वर तालुका

ताई, तुमच्या पत्राला उत्तर लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले, म्हणून ते आधी देते.

हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळलेलं, पांढरं काहीतरी येतं. जिवंतपणी ते तसं नसतं. वजनानं साधारण दोन तृतीयांश खनिज, बाकी कोलॅजेन आणि पाणी, आणि त्यातून सतत फिरणारं रक्त. बाहेरचा थर टणक, नारळाच्या करवंटीसारखा. आतला भाग मात्र आंबोळीसारखा जाळीदार असतो आणि त्या जाळीत मज्जा भरलेली असते. माणूस गोळी घेतो, ती रक्तात उतरते, रक्त मज्जेत जातं, आणि थोडं औषध त्या जाळीत, मज्जेच्या चरबीत, हाडाच्या घटकांत अडकून राहतं. डायझेपाम चरबीत सहज विरघळणारं आहे, त्यामुळे ते तिथे बरं टिकतं. यकृत-मूत्रपिंडं महिन्याभरात नाहीशी होतात. मणक्यात, बरगडीत, कमरेच्या हाडात, मांडीच्या हाडाच्या टोकांना ते पुढेही राहू शकतं. काकीला मी हेच सांगितलं: हाडांना कळत काही नाही, पण त्यांच्याकडे राहून जातं.

आता नॉरडायझेपाम. हे वेगळं औषध कुणी दिलेलं नाही. डायझेपाम यकृतात गेलं की शरीर त्याचं नॉरडायझेपाम करतं. ते सापडलं याचा अर्थ औषध जिवंत शरीरात गेलं, पचलं, फिरलं. मातीतून किंवा बाहेरून हाडाला चिकटलेलं ते नव्हे. शिवाय नॉरडायझेपाम शरीरात दिवसेंदिवस रेंगाळतं, आणि रोज गोळी घेणाऱ्याच्या अंगात ते साठत जातं. तीन वर्षं गोळी घेणाऱ्या माणसाच्या हाडात या दोन गोष्टी सापडल्या, यात मला नवल काहीच वाटत नाही. अहवालात त्या नसत्या तरी ‘त्यानं गोळ्या सोडल्या होत्या’ असं मी म्हटलं नसतं, कारण अकरा महिन्यांत एक पूर्ण पावसाळा येऊन गेला. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो उघड्यावर पडलेल्या हाडातून बरंच काही धुऊन नेतो.

आता गावातल्या दोन्ही तटांना हवं असलेलं उत्तर: किती घेतलं? ताई, हे हाड सांगू शकत नाही. हिंगाची डबी रिकामी झाली, वर्षभर पालथी पडली, तरी झाकण उघडलं की वास येतो. त्या वासावरून डबीत हिंग होता हे कुणीही शपथेवर सांगेल. पण अर्धा तोळा होता की पाच तोळे, आणि शेवटची चिमूट कधी काढली, हे नाही सांगता येणार. रक्तातल्या औषधाचं प्रमाण मोजलं तर डॉक्टर सांगू शकतात की हे उपचाराचं प्रमाण आहे की घातक. हाडातल्या प्रमाणाचं रक्तातल्या प्रमाणाशी भरवशाचं गणितच बसत नाही. एकाच माणसाच्या बरगडीत एक आकडा येतो, मांडीच्या हाडात दुसरा, आणि त्याच मांडीच्या हाडाच्या टोकाला आणि मधल्या दांड्यात पुन्हा वेगवेगळा. तुमच्या अहवालात प्रमाण दिलेलं नाही, नुसतं ‘आढळले’ आहे. ती त्रुटी समजू नका. लिहिणाऱ्यानं आपली हद्द ओळखलीय.

एक गोष्ट विचारून पाहा. कवटीजवळ केसांचा पुंजका मिळाला होता का, आणि तो राखून ठेवलाय का? केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. मुळापासून टोकापर्यंत त्याचे तुकडे करून तपासले तर कोणत्या महिन्यांत औषध घेतलं जात होतं याचा अंदाज येतो. ऊन-पावसानं केसांतलंही थोडं निघून जातं, तेव्हा फार आशा लावून बसू नका. पण महिनोन् महिने थोडं थोडं औषध दिसलं, तर ‘तो नेमानं गोळ्या घेत होता’ हे तुमचं म्हणणं कागदावर येईल. शेवटच्या रात्री काय झालं ते केसही सांगणार नाहीत. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या दुकानाची बिलं, घरी उरलेल्या गोळ्या मोजणं, शेवटचं कुणाला भेटला ते शोधणं, हे सगळं तपासी अंमलदाराचं काम आहे, यंत्राचं नाही.

आईला सांगा की अहवालात एवढंच लिहिलंय: मुलगा डॉक्टरांनी दिलेलं औषध घेत होता. बाकी जे आहे ते गावाचं आहे, अहवालाचं नाही.

मी एमएस्सी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हाडातून औषध वेगळं काढतात म्हणजे नेमकं काय करतात? आम्हाला यंत्रं शिकवतात, पण नमुना यंत्रापर्यंत कसा जातो ते कुणी सांगत नाही.
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

अगदी खरं आहे. यंत्र शेवटची वीस मिनिटं चालतं. त्याआधीचे दोन-तीन दिवस हातांचे असतात.

आधी हाड घासून माती, बुरशी, सुकलेले तंतू काढायचे. मग पाण्यानं आणि नंतर द्रावकानं धुवायचं, तेही झटपट, कारण फार वेळ ठेवलं तर आतलं औषधही बाहेर यायला लागतं. मग वाळवायचं आणि भुकटी करायची. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे पोलादी खलबत्ता होता. दिवसभर कुटून संध्याकाळी दंड भरून येत. आता द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांच्या थंडीत, हाड ठिसूळ करून दळणारी गिरणी मिळते. थंडीचा फायदा असा की दळताना उष्णता होत नाही आणि औषध बिघडत नाही. ही भुकटी मिथेनॉलमध्ये भिजत घालतात, काही तास, कधी रात्रभर. काही जण त्याऐवजी हाडाचं खनिज आम्लात विरघळवतात. पण आम्लात तुटणारी औषधं असतात, म्हणून मी मिथेनॉलवाली. त्या अर्कात चरबी असते, मज्जेचे रंग असतात. तो सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शनच्या छोट्या नळीतून गाळून साफ करायचा, आटवायचा. त्यानंतर कुठे तुमची जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस-एमएस, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून ओळखणारी यंत्रं. हाडात औषध ग्रॅममागे नॅनोग्रॅमच्या घरात असतं, त्यामुळे जुन्या थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर ते दिसण्याची आशा नसते. आधी एलायझासारखी प्रतिपिंडाची चाचणी लावून चाळणी मारतात, पण ती नुसती चाळणी. ‘या कुळातलं काहीतरी आहे’ एवढंच ती सांगते. तिच्यावर अहवाल लिहायचा नसतो.

आता पुस्तकात नसलेली गोष्ट सांगते. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका पोलीस ठाण्याकडून एक सांगाडा आला. कीटकनाशक सापडलं, आणि चांगलं ठसठशीत सापडलं. मी खूश. अहवालाचा कच्चा मसुदा करून वरिष्ठांकडे नेला. त्यांनी तो वाचलाही नाही. विचारलं, “हाडं कशातून आली?” मी म्हटलं, पोत्यातून. “कसल्या पोत्यातून?” मी खाली जाऊन मुद्देमालाच्या खोलीत पोतं उलटं करून पाहिलं. आतल्या बाजूला पांढरी पूड चिकटलेली होती. शेतातल्या औषधाचं रिकामं पोतं! कुणीतरी हाताला लागलं ते घेऊन हाडं भरली होती. मग पोत्याची पूड तपासली, हाडं धुतलेलं पहिलं पाणी तपासलं, दुसरं तपासलं. पहिल्या पाण्यात भरपूर, दुसऱ्यात थोडं, आणि टणक थर तासून काढल्यावर आतल्या जाळीत काहीच नाही. त्या दिवसापासून शेवटचं धुवण स्वच्छ निघाल्याशिवाय आणि ते तपासल्याची नोंद केल्याशिवाय मी कधी हाड दळलं नाही. तुझ्या प्रबंधात ही एक ओळ घाल. परीक्षक विचारोत न विचारोत.

माझ्या गावाच्या हद्दीत रानात दोन वर्षांत दोनदा हाडं सापडली. दोन्ही वेळा गुराख्यानं आधी मला येऊन सांगितलं. पोलीस पोचेपर्यंत तीन-चार तास जातात. तेवढ्यात आम्ही काय करावं? आणि दारू प्यायला होता का, हे हाडावरून कळतं का?
– एक पोलीस पाटील, राजापूर तालुका

पाटील, पहिलं उत्तर सोपं आहे: काहीच करू नका. हाडं उचलू नका, एका जागी गोळा करून ठेवू नका, वर गोधडी टाकू नका. माणसं आणि कुत्री लांब ठेवा आणि गुराखी जिथून गेला ती वाट लक्षात ठेवा. आपल्याकडे कोल्हे आणि रानडुकरं हाडं पांगवतात, म्हणून ‘सगळं एकाच ठिकाणी आहे’ असं समजून बाकीचं रान तुडवू नका. पंचनामा होईल, आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. १ जुलै २०२४ च्या आधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ खाली होत असे.

पोलीस आले की मात्र तुमच्या अनुभवाचा उपयोग आहे. नव्या शिपायाला कदाचित माहीत नसेल, तेव्हा हळूच सुचवा. हाडांखालची माती वेगळी घ्या. हाडांपासून दहा-पंधरा पावलांवरची, काही संबंध नसलेली मातीही घ्या. तिच्याशी तुलना केल्याशिवाय पहिल्या मातीला अर्थ नाही. केसांचा पुंजका, नखं, दात, कपड्यांचे तुकडे वेगवेगळ्या पाकिटांत. आणि पाकीट कागदाचं. आपल्या हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत बुरशी धरते, हे सुक्या मासळीवरून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हाडं निवडायची असतील तर मणके, बरगड्या, कमरेचं हाड आणि एक अख्खं मांडीचं हाड प्रयोगशाळेत जायला हवं. नुसती कवटी पाठवली की विषशास्त्रवाला कपाळाला हात लावतो.

आणखी एक. मातीत तांदळाएवढी, तपकिरी, पोकळ टरफलं दिसली तर ती फेकू नका. मेलेल्या शरीरावर माश्या अंडी घालतात, अळ्या होतात, अळ्यांचे कोश होतात, माशी उडून जाते आणि टरफल मागे राहतं. अळी जे मांस खाते त्यातलं औषध तिच्या अंगात येतं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या एका प्रकरणात, शरीराचा जवळजवळ सांगाडा झालेला असताना तिथल्या अळ्यांमध्ये फेनोबार्बिटाल सापडलं होतं. यकृत नाही, रक्त नाही, पण अळ्या आहेत, अशी ती गंमत. गंमत म्हणजे आमच्या धंद्यातली, सगळ्यांना ती पटेलच असं नाही. रिकाम्या टरफलांतही औषधाचा अंश सापडू शकतो.

दारूचं उत्तर ‘नाही’. वाळलेल्या हाडात अल्कोहोल टिकत नाही. शिवाय शरीर कुजताना जिवाणू स्वतःच थोडं अल्कोहोल तयार करतात. त्यामुळे कुजलेल्या शरीरात ते सापडलं तरी माणूस प्यायला होता असं लगेच म्हणता येत नाही. थेंबही न घेणाऱ्या माणसावर त्यामुळे बट्टा लागलेला मी पाहिलाय.

सासऱ्यांच्या अस्थी आम्ही सहा वर्षं कलशात ठेवल्या आहेत, दिरांना काशीला न्यायच्या आहेत. त्यांच्या मृत्यूबद्दल माझ्या मनात संशय आहे. त्या तपासता येतील का?
– नाव न छापण्याची विनंती, वेंगुर्ला

नाही. राख सावडायला आपण तिसऱ्या दिवशी जातो तेव्हा हाती येतं ते हाडाचं नुसतं खनिज असतं. चितेच्या आगीत औषधाचा रेणू राहत नाही, डीएनएही सहसा राहत नाही. संशय होता तर अग्नी देण्याआधी बोलायला हवं होतं, हे तुम्हालाही ठाऊक असणार, म्हणून पुन्हा उगाळत नाही. दिरांना काशीला जाऊ द्या.

कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुरलेल्या प्रेतातून विष काढून गुन्हा सिद्ध झाल्याची उदाहरणं आहेत का? हाडावरचा अहवाल कोर्टात टिकतो का?
– एक विद्यार्थिनी, कणकवली

टिकतो की नाही हे शेवटी उलटतपासणीवर ठरतं. तज्ज्ञाचं मत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली येतं, आणि नुसतं मत म्हणजे निकाल नव्हे. पण गोष्टी दोन सांगते, दोन्ही माझ्या आवडत्या.

पहिली फ्रान्समधली, १८४० ची. मारी लाफार्ज नावाच्या बाईवर नवऱ्याला सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, घातल्याचा आरोप होता. जेम्स मार्श या इंग्रज रसायनतज्ज्ञाची सोमल ओळखायची चाचणी १८३६ मध्येच आली होती. स्थानिक तपासनीसांना ती नीट जमेना, कधी सापडे कधी सापडेना. शेवटी पॅरिसहून मॅथ्यू ऑर्फिला आले. विषशास्त्राचे जनक म्हणतात त्यांना. त्यांनी उकरून काढलेल्या प्रेतातल्या नमुन्यांत सोमल दाखवला. आणि महत्त्वाचं म्हणजे, तो आपल्या रसायनांतून आलेला नाही आणि स्मशानातल्या मातीतूनही आलेला नाही, हेही दाखवलं. सोमल मातीत निसर्गतः असतो, आणि पाण्याबरोबर झिरपून पुरलेल्या शरीरात जाऊ शकतो. गंमत अशी की याच ऑर्फिलांनी त्याच सुमारास ‘माणसाच्या हाडांत सोमल मुळातच असतो’ असं प्रतिपादन केलं होतं, आणि नंतर ते मागे घेतलं. एवढा मोठा माणूस, पण हाडानं त्यालाही फसवलं. सोमलातलं आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, म्हणून जुन्या विषांमध्ये ते सगळ्यात टिकाऊ. आपल्या रानातल्या काजऱ्याच्या बियांतलं स्ट्रिक्नीन हे मूलद्रव्य नसूनही पुरलेल्या शरीरात बराच काळ टिकतं, तेवढंच ओघानं सांगते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या न्यू जर्सीची. १९६५-६६ मध्ये एका रुग्णालयात काही रुग्ण अनपेक्षितपणे दगावले. दहा वर्षांनी, १९७६ मध्ये, शवं उकरून काढली, आणि त्यात क्युरारे हे स्नायू लुळे पाडणारं औषध सापडलं असं सरकारी तज्ज्ञांनी म्हटलं. बचावाच्या तज्ज्ञांनी विचारलं: दहा वर्षं मातीत, शव टिकवायच्या रसायनांत राहिलेल्या ऊतीत हा रेणू टिकतोच कसा, आणि तुम्ही जे पाहिलं ते तेच कशावरून? महिनोन् महिने खटला चालला. १९७८ मध्ये ज्युरीनं आरोपीला, त्याच रुग्णालयातल्या एका शल्यविशारदाला, निर्दोष सोडलं. मला विचारशील तर यातून वकिलानं एक प्रश्न पाठ करावा: ‘हाच पदार्थ, असाच पुरून, एवढाच काळ ठेवून, तुम्ही आधी कधी तपासून पाहिलाय का?’ मी साक्षीच्या पिंजऱ्यात असताना हा प्रश्न मला एकदाच विचारला गेला. मी ‘नाही’ म्हटलं. सरकारी वकील माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

त्याच १९७८ मध्ये लॉस एंजेलिसचे शवचिकित्सक थॉमस नोगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगाडा होत आलेल्या देहावरचं औषधांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. तिथपासून आजवर लोकांनी डुकरं आणि उंदीर औषध देऊन, मारून, मातीत ठेवून, महिन्यामहिन्याला त्यांची हाडं तपासली आहेत. वरच्या प्रश्नाला उत्तर देता यावं म्हणूनच ही खटपट. मॉर्फिन, डायझेपामचं कूळ, अमिट्रिप्टिलीनसारखी नैराश्यावरची जुनी औषधं, कोकेनचे अंश, केटामीन, हे सगळं हाडात सापडलेलं आहे. ‘आढळले’ म्हणायला पाया आहे. ‘एवढे होते’ म्हणायला अजून नाही.

आमच्या खाडीच्या मुखाशी पावसाळ्यात प्रेतं लागतात. कधी कधी तर नुसतं हाडांचं गाठोडं जाळ्यात येतं. बुडून मेला की मारून टाकला, हे कळतं का?
– एक मच्छीमार, दाभोळ परिसर

हा प्रश्न औषधाचा नाही, पण हाडाचा आहे. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना तुम्हाला लिहायला वेळ मिळाला, तर उत्तर द्यायलाच हवं.

समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यात डायटम नावाचं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. त्याचं कवच सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचं. माणूस जिवंतपणी पाण्यात बुडाला तर तो पाणी फुप्फुसात ओढतो. तिथल्या नाजूक भिंतींतून काही डायटम रक्तात जातात, आणि हृदय चालू असेपर्यंत ते रक्ताबरोबर फिरून मांडीच्या हाडाच्या मज्जेपर्यंत पोचतात. मेल्यावर पाण्यात टाकलं तर पाणी फुप्फुसात शिरेल, पण हृदय बंद, त्यामुळे मज्जेपर्यंत पोचवणारं कुणी नाही. प्रयोगशाळेत न फुटलेलं मांडीचं हाड घेतात, आतली मज्जा तीव्र नायट्रिक आम्लात जाळतात. सगळं जळतं, काचेची कवचं उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळखून, जिथे बुडाला असं म्हणतात तिथल्या पाण्यातल्या डायटमशी ताडून पाहतात. नदीचे वेगळे, समुद्राचे वेगळे. खाडीत भरती-ओहोटीनं दोन्ही मिसळतात, तिथे आमची फजिती होते.

म्हणून तुम्ही काय करायचं: प्रेत लागलं की पोलिसांना जागेबरोबर भरती होती की ओहोटी तेही सांगा आणि स्वच्छ बाटलीत तिथलं पाणी घ्यायला लावा. डायटम सापडले नाहीत म्हणजे बुडाला नाही, असं मात्र होत नाही. बुडालेल्या प्रत्येकात ते मज्जेपर्यंत पोचतातच असं नाही. आणि हाड आधीच फुटलेलं असेल तर बाहेरचं पाणी आत जातं, मग सगळंच व्यर्थ.

कोणतं औषध हाडात अजिबात सापडत नाही?
– नाव-गाव नाही, शिक्का चिपळूणचा

या पत्राला मी उत्तर देणार नाही. पाकीट जपून ठेवलं आहे.

मी सातवीत आहे. वेळासच्या किनाऱ्यावर मला एक मोठ्ठं हाड सापडलं. मधे गोल चकती आणि तीन बाजूंना पंख्यासारखी पाती आहेत. आजी म्हणते माणसाचं आहे, टाकून दे. मी ते पेटीत लपवून ठेवलंय. ते माणसाचं आहे का? त्यात औषध असेल का?
– एक विद्यार्थी, मंडणगड तालुका

तू काढलेलं चित्र छान आहे, पट्टी शेजारी ठेवून काढलंस हे तर फारच छान. मोठी माणसंही विसरतात. चित्रावरून हा डॉल्फिनचा मणका दिसतो. माणसाच्या मणक्याची चकती एवढी जाड नसते, आणि त्याला मागे मज्जारज्जूसाठी मोठं भोक असतं. तुझ्या चित्रात ते अगदी लहान आहे. आजीला सांग, घाबरायचं कारण नाही.

पण पेटीत ठेवू नकोस. डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्यानं, १९७२ च्या, जपलेला प्राणी आहे. त्याचं हाडही घरी ठेवता येत नाही. वेळासला कासवांच्या घरट्यांवर लक्ष ठेवणारे वनखात्याचे लोक असतात, त्यांना नेऊन दे आणि कुठे सापडलं ती जागा दाखव. औषध असेल का म्हणतोस, तर डॉल्फिनला डॉक्टर नसतो. पण समुद्रात आपण सोडलेलं काय काय त्याच्या चरबीत जातं, हा चांगला प्रश्न आहे. आठवीत गेलास की पुन्हा लिही. आणि हाड हाताळलंस, तर जेवायच्या आधी साबणानं हात धू.